वाड्यात भूत नाही, मग भीती कशाची? एका गॉथिक कादंबरीतली माणसं

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी काही मंडळी जमतात. त्यांत निवृत्त शिक्षक आहेत, कापूस-सोयाबीन पिकवणारे शेतकरी आहेत, एक आशाताई आहेत आणि बी.ए.च्या वर्गातल्या चारदोन मुली आहेत. मागचे काही आठवडे मी त्यांना एक इंग्रजी कादंबरी मराठीतून सांगत होते. भीतीची गोष्ट आहे असं आधीच सांगितलं होतं, त्यामुळे सगळे भुताची वाट पाहत बसले. गोष्ट संपल्यावर एका काकांनी विचारलं, "मॅडम, भूत तं आलंच नाही. मंग मले काहून भेव लागून राह्यलं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. मोबाइलवर मालिका पाहताना हल्ली 'गॉथिक' हा शब्द सारखा समोर येतो, पण त्यातली माणसं अशी का वागतात हे कोणी नीट सांगत नाही. घर सोडा म्हटलं तर सोडत नाहीत, घडलेलं सांगा म्हटलं तर सांगत नाहीत, मदतीला आलेल्याला हाकलून देतात. आम्ही वाचलेल्या कादंबरीच्या आधाराने ते उलगडून सांगते. शर्ली जॅक्सन या अमेरिकन लेखिकेची 'वी हॅव ऑलवेज लिव्हड इन द कॅसल' ही ती कादंबरी, 1962 साली आलेली. शेवटासकट सांगणार आहे, कारण शेवट कळल्याशिवाय त्या घरातलं एकही माणूस कळत नाही.

गॉथिक म्हणजे काय, थोडक्यात

1764 च्या डिसेंबरात होरेस वॉलपोल या इंग्रजाने 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' नावाची गोष्ट छापली. स्वतःचं नाव घातलं नाही. जुन्या इटालियन पोथीचा अनुवाद आहे अशी बतावणी केली. पुस्तक लोकांना आवडलं, तेव्हा पुढच्या वर्षी दुसऱ्या आवृत्तीत त्याने लेखक आपणच असल्याचं मान्य केलं आणि शीर्षकाखाली 'गॉथिक कथा' असं लिहिलं. या प्रकाराला नाव मिळालं ते तिथून. त्या गोष्टीत आजोबाने खऱ्या मालकाला विष घालून किल्ला बळकावलेला असतो, आणि ते पाप नातवाच्या घरादाराला भोवतं.

साचा इथेच तयार झाला. एक जुनी मोठी वास्तू, तिच्या पोटात एक दडपलेली गोष्ट, आणि त्या दोन्हींचा वारसा नको असूनही सोडता न येणारी माणसं. पुढे 1794 मध्ये ॲन रॅडक्लिफ हिने 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो' लिहिली आणि गोष्ट संपेपर्यंत एकेका भुताचा साधा उलगडा करून दाखवला. 1839 मध्ये एडगर ॲलन पो याच्या कथेत भाऊ-बहीण हे घराण्याचे शेवटचे दोन जीव उरतात आणि ते गेल्यावर घरही कोसळतं. होता होता भुताची गरज कमी झाली. माणसंच पुरेशी झाली.

घरात कोण कोण आहे

एका लहान गावाच्या कडेला ब्लॅकवुड कुटुंबाचं मोठं घर आहे. भोवती त्यांचीच जमीन आणि जमिनीला कुंपण. सहा वर्षांपूर्वी एका रात्री जेवणाच्या टेबलावरच्या साखरेत सोमल मिसळलेला होता. सोमल म्हणजे आर्सेनिक. पांढरी पूड, साखरेत सहज खपून जाणारी. त्या घरात उंदरांसाठी आणून ठेवलेली होती. फळांवर ती साखर भुरभुरून घरच्यांनी खाल्ली. आई, वडील, दहा वर्षांचा मुलगा आणि काकू असे चौघे गेले. ज्युलियनकाकांनी थोडीच साखर घेतली होती, ते वाचले पण कायमचे अपंग झाले. थोरली मुलगी कॉन्स्टन्स साखर खातच नसे. धाकटी मेरी कॅथरीन तेव्हा बारा वर्षांची. तिला कसल्याशा शिक्षेपायी त्या रात्री उपाशी झोपायला पाठवलं होतं.

स्वयंपाक कॉन्स्टन्सने केला होता, म्हणून पोलिसांनी तिला धरलं. खटला चालला आणि कोर्टाने तिला सोडलं. गावाने मात्र सोडलं नाही.

कादंबरी सुरू होते तेव्हा त्या घरात तिघंच उरली आहेत. कॉन्स्टन्स अठ्ठावीस वर्षांची आहे. रांधते, बाग फुलवते आणि बागेपलीकडे पाऊल टाकत नाही. मेरी कॅथरीन, जिला घरात मेरीकॅट म्हणतात, अठरा वर्षांची. मंगळवारी आणि शुक्रवारी गावात जाऊन किराणा आणि वाचनालयातली पुस्तकं आणते. ज्युलियनकाका चाकांच्या खुर्चीत बसून त्या एका रात्रीचा इतिहास लिहितात. आणि जोनस नावाचं मांजर.

अशा कादंबऱ्यांत कोंडलेल्या घराची कामं वाटलेली असतात. एकजण सगळ्यांना खाऊ घालतो, एकजण राखण करतो, एकजण आठवणी जपतो. ज्याच्या वाट्याला जे काम आलं, तेच हळूहळू त्याचा स्वभाव बनतं. ज्युलियनकाकांचंच पाहा. कोण कुठे बसलं होतं, कोणी काय खाल्लं, सगळं कागदावर. तरी एखाद्या सकाळी ते पुतणीला विचारतात की ते खरंच घडलं होतं ना? घडलं नसेल तर त्यांच्याजवळ दुसरं काहीच नाही.

याच काकांच्या तोंडी कादंबरीतलं सगळ्यात थरकाप उडवणारं वाक्य आहे, असं मला वाटतं. पाहुणा आलेला असताना ते शांतपणे सांगतात की धाकटी पुतणी खटल्याच्या काळात अनाथाश्रमात आबाळ होऊन मेली. मेरीकॅट तिथेच असते. सहा वर्षं एका छपराखाली राहून काका तिच्याशी बोललेले नाहीत, कारण त्यांच्या हिशेबी ती नाहीच. भूत कुठे आहे असं विचारणाऱ्यांनी हे पान दोनदा वाचावं. घरातल्यांनी जिवंत मुलीला मेलेलं धरलंय, आणि ती मुलगी स्वयंपाकघरातून या खोलीत, या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे.

सांगतंय कोण, ते आधी पाहा

ही सगळी गोष्ट आपल्याला मेरीकॅट सांगते. दुसरा कोणीही नाही. समीक्षक अशा सांगणाऱ्याला 'अविश्वसनीय निवेदक' म्हणतात, म्हणजे ज्याच्या शब्दावर पूर्ण विसंबता येत नाही असा कथा सांगणारा.

आपल्याला ओळखीचं काही हवं असेल तर पंचनामा डोळ्यांपुढे आणा. चोरीच्या जागेचा पंचनामा आरोपीनेच लिहिला, तर तो खोटं लिहीलच असं नाही. दार कोणत्या दिशेला, कुलूप कोणत्या कंपनीचं, खिडकीची उंची किती, सगळं बरोबर लिहील. फक्त आपण रात्री कुठे होतो एवढं एक राहून जाईल. आणि बाकीचं इतकं चोख असेल की वाचणाऱ्याला ते राहिल्याचं लक्षातच येणार नाही.

मेरीकॅट अगदी तसं सांगते. गावातली कोणती गल्ली टाळायची, कोणाच्या ओट्यावरची माणसं टोमणे मारतात, चांदीचे डॉलर कुठे पुरले, वडिलांचं पुस्तक कोणत्या झाडाला खिळ्याने ठोकलं. घराचं रक्षण व्हावं म्हणून ती हे करते, एवढा तिचा भाबडा विश्वास. बहिणीवर तिचा जीव आहे. काकांशी आपण अधिक मायेने वागायला हवं, असं ती मनाशी पुन्हा पुन्हा म्हणते. आपण तिच्या बाजूचे होऊन जातो. आमच्या मंडळीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मले तं ते पोरगी लय आवडली." आवडणारच. लेखिकेची सारी ताकद त्यासाठी खर्ची पडली आहे.

मग पुस्तकाच्या शेवटाकडे, घर अर्धं जळून गेल्यावर, ती बहिणीला सहज सांगते की साखरेत ते मीच घातलं होतं. कॉन्स्टन्स म्हणते, मला ठाऊक आहे, तेव्हाच कळलं होतं.

या एका संवादाने मागचं सगळं पुस्तक बदलून जातं. बहीण साखर खात नाही हे मेरीकॅटला माहीत होतं, म्हणून विष साखरेत. पोलीस येण्याआधी कॉन्स्टन्सने साखरेचं भांडं घासून ठेवलं आणि त्यात कोळी पडला होता असं सांगितलं. तिच्यावर संशय आला तो त्यामुळेही. तेव्हा ती स्वतःचा बचाव करत नव्हती. बारा वर्षांच्या पोरीला वाचवत होती.

पोरीने ते का केलं? कादंबरी सरळ उत्तर देत नाही. ती कसली शिक्षा होती हेही सांगत नाही. पण एका प्रसंगी मेरीकॅट बागेतल्या जुन्या पडवीत एकटी बसते आणि मनातल्या मनात मेलेल्या सगळ्यांना जेवायला बसवते. आई, वडील, काकू तिला वाढतात, तिचं कौतुक करतात, आमच्या मेरी कॅथरीनला कधीच शिक्षा करायची नाही असं एकमेकांना बजावतात. मला हा प्रसंग वाचताना फार त्रास होतो. तिला काय हवं होतं ते तिथे दिसतं, आणि ते मिळवायला तिने काय केलं तेही.

गाव हेही एक पात्र आहे

विदर्भातल्या वाचकाला या कादंबरीची सगळ्यात आतली खोली इथे सापडते असं मी म्हणेन.

ब्लॅकवुडांच्या जमिनीतून पूर्वी एक पायवाट जात होती. बस थांबते त्या चौफुल्यावर जायला गावकऱ्यांना ती जवळची. लोक दारावरून जातात हे घरच्या मालकिणीला खपलं नाही, म्हणून मालकाने कुंपण घातलं, कुलूप लावलं, 'आत येऊ नये' अशा पाट्या ठोकल्या. विष, खटला, टोमणे हे सगळं त्यानंतरचं. गावाच्या मनातली अढी या वाटेपासूनची आहे.

ही ओळ मी वाचली तेव्हा वाचनालयातले शेतकरी सरसावून बसले. पांदण अडवली म्हणजे काय होतं, हे त्यांना कोणी समजावायची गरज नव्हती. बैलबंडी शेतात जात नाही, पिकलेला माल बाहेर निघत नाही, दोन घरांचं बोलणं पिढ्यान्पिढ्या बंद होतं. बांधावरून जाण्याचा हक्क मागायला 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे, अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा आहे, आणि या दोन्हींखालची प्रकरणं घेऊन माणसं आजही तहसीलदारांपुढे उभी असतात. गावातली जुनी वैरं शोधत गेलात तर कितीतरी वेळा अशीच एखादी वाट सापडते.

मोठ्या घराबद्दल गावाला जे वाटतं त्याचाही आपल्याकडे इतिहास आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या भागांत इंग्रजांच्या काळात मालगुजारी होती. मालगुजार म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा; 1860 च्या दशकातल्या बंदोबस्तांत त्याला गावाची मालकीच मिळाली. तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने कायदा करून 31 मार्च 1951 पासून ते हक्क काढून घेतले. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीतले हजारो माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, त्यांचं नाव त्याच काळाचं. वऱ्हाडात व्यवस्था वेगळी, रयतवारीच्या वळणाची. तिथे देशमुख-पाटलांचे वाडे. हक्क गेले, शेती कमाल मर्यादेच्या कायद्याने जमीनही घटली, माणसं नागपूर-पुण्याला गेली. ढेलज आणि चौक मागे राहिले, आणि त्यात एखादी म्हातारी किंवा दोन भावंडं. गाव त्यांच्याविषयी काय काय बोलतं ते ज्याने ऐकलंय, त्याला ब्लॅकवुडांचं गाव परकं वाटत नाही.

जॅक्सनने गावाची बाजू खोटी ठरवलेली नाही. त्यांचा राग खरा आहे, वाट खरोखर अडवली होती. आणि तरी घराला आग लागते त्या रात्री हे गाव जे करतं ते भयंकर आहे. आग विझवायला बंब येतो. जिम डॉनेल हा अग्निशामकांचा प्रमुख आपलं काम चोख करतो, आग विझवतो. मग डोक्यावरची अधिकाऱ्याची टोपी काढून बाजूला ठेवतो, दगड उचलतो आणि घराच्या खिडकीवर मारतो. त्यानंतर सगळं गाव आत घुसतं. कपबशा, खुर्च्या, जे हाती लागेल ते फोडतं. दोघी बहिणींना घेरून त्यांच्यावरचं चिडवणारं गाणं म्हणतं.

टोपी काढणं ही एवढीशी कृती, पण गावातला माणूस गर्दीत कसा मिसळतो ते मला त्या एका कृतीत सगळं दिसतं. टोपी आहे तोवर नियम आहेत. काढली की तो फक्त आपल्या बापाचा मुलगा, ज्याची वाट कोणीतरी अडवली होती.

थोरली घर सोडून का जात नाही?

वाचनालयात हा प्रश्न बायकांनी विचारला, आणि त्यांच्यातल्याच एकीने उत्तर दिलं: "जाईन कुठी?"

कोर्टाने निर्दोष म्हटलेल्या बाईला गाव निर्दोष म्हणत नाही, तेव्हा तिच्यापुढे फार थोडे रस्ते उरतात. त्यात कॉन्स्टन्सच्या पोटात एक गुपित आहे. ती बाहेर पडली, माणसांत मिसळली, तर कधीतरी कोणीतरी विचारेल आणि धाकटीचं नाव निघेल. राखण मेरीकॅट करते असं आपल्याला वाटत राहतं; पण कोणाला कोणी राखलंय हे शेवटी उलटं होतं.

तिच्या तळघरातल्या बरण्यांबद्दल थांबून सांगायला हवं. घराण्यातल्या प्रत्येक पिढीच्या बायकांनी मुरंबे, लोणची, भाज्या बरण्यांत भरून तिथे ठेवल्या. रांगाच्या रांगा, रंगीत. कॉन्स्टन्स त्यांत दरवर्षी आपली भर घालते. मात्र आजी-पणजीच्या बरण्या उघडायच्या नाहीत. इतक्या जुन्या झाल्या आहेत की खाल्लं तर जीव जाईल. घरातल्या बायांनी जन्मभर केलेले कष्ट तिथे जपून ठेवलेले आहेत, आणि त्यांना हात लावला तर ते विष आहेत. वाळवणं आणि लोणची घालण्यात ज्यांचे उन्हाळे गेले त्यांनी हे लगेच ओळखलं. कॉन्स्टन्सला वारशात जमीन मिळाली, पैसा मिळाला, आणि हे तळघरही मिळालं.

लेखिकेला हे ऐकीव नव्हतं. जॅक्सन व्हरमाँट राज्यातल्या नॉर्थ बेनिंग्टन या लहान गावात राहत असे, आणि गावाचा परकेपणा तिने सोसला होता. तिच्या शेवटच्या वर्षांत तिला घराबाहेर पडण्याची तीव्र भीती वाटू लागली होती. ही तिने पूर्ण केलेली शेवटची कादंबरी. 1965 मध्ये ती वारली.

चार्ल्स तर सुटका करायलाच आला होता ना?

आमच्याकडचे बरेच पुरुष या मताचे निघाले, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

चार्ल्स हा चुलतभाऊ अचानक येतो. व्यवहारी बोलतो. इतका पैसा तिजोरीत पडून का? चांदी मातीत का पुरता? धाकटीला शिस्त का नाही? म्हाताऱ्याला दवाखान्यात का ठेवत नाही? यातला एकही प्रश्न चुकीचा नाही. कॉन्स्टन्सला त्याच्यामुळे बाहेरच्या जगाची ओढ लागते.

पण तो कोणाच्या खोलीत राहतो, कोणत्या खुर्चीत बसतो, कोणाचं घड्याळ लावतो ते पाहा. सगळं मेलेल्या मालकाचं. त्याचा डोळा तिजोरीवर आहे. घर पेटतं तेव्हा बहिणी आत असताना तो तिजोरी काढा म्हणून ओरडत असतो. गॉथिक गोष्टीत बाहेरून येणारा माणूस बहुधा दोन चेहऱ्यांचा असतो: तो दार उघडतो, आणि मालक होऊ पाहतो. दाराची गरज खरी, मालकाची नको. चार्ल्स दोन्ही एकदम घेऊन येतो, म्हणून कॉन्स्टन्सला त्यातलं एक घेऊन दुसरं नाकारता येत नाही.

त्याने पेटता पाईप खोलीत ठेवलेला असतो, मेरीकॅट तो कागदाच्या टोपलीत ढकलते, आणि आग तिथून लागते. अपघात की हेतू, हे ती नेहमीप्रमाणे सांगत नाही.

"आपल्याकडे असं होत नाही"

एकत्र कुटुंब आहे, शेजार आहे, आपल्याकडे गाव धावून येतं; कादंबरीतलं हे परदेशातच घडतं. असं म्हणणारे भेटले. धावून येतं हे खरंच आहे. आजारपणात, मयतीत, अंगावर घराची भिंत पडली तर गावच येतं.

त्याच गावात एखाद्या घरावर करणीचा आळ आला की काय होतं, हेही आपल्याला माहीत आहे. लेकरू आजारी पडलं, म्हैस मेली, आणि बोट एकाच घराकडे वळतं. बहुतेक वेळा तिथे एकटी बाई असते किंवा ज्यांचं कोणाशी पटत नाही असे लोक. महाराष्ट्राला 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, ज्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा विधिमंडळाने मंजूर केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. किराणा न देणं, बोलणं तोडणं, लग्नकार्यात न बोलावणं हे गुन्हे ठरवावे लागले, कारण ते होत होते. मेरीकॅट किराणा दुकानात शिरते तेव्हा बोलणी थांबतात आणि तिचं सामान आधी देऊन टाकतात, ती लवकर निघावी म्हणून. ते पान आपल्या कुठल्याही गावातल्या दुकानात घडू शकतं.

एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. आपल्याकडे आळ येणारी माणसं जवळजवळ नेहमी गरीब आणि निराधार असतात. ब्लॅकवुड श्रीमंत आहेत. गावाने त्यांना वाळीत टाकण्याआधी त्यांनी गावाला वाळीत टाकलं होतं. म्हणून या बहिणींकडे बघून आपल्याकडच्या पीडित बाईचा अर्थ लावायला गेलं तर चूक होईल.

हा मानसिक आजार म्हणायचा का?

1877 मध्ये लासेग आणि फालरे या दोन फ्रेंच डॉक्टरांनी एका अवस्थेचं वर्णन केलं: जगापासून तुटून एकत्र राहणाऱ्या दोघांत एकाचा भ्रम दुसऱ्यातही उतरतो. तुटलेपण ही त्यातली मुख्य अट. मेरीकॅट-कॉन्स्टन्सबद्दल बोलताना हे सांगितलं जातं, आणि काही अंशी ते लागूही पडतं.

मला स्वतःला पात्रांवर निदान चिकटवणं पटत नाही. निदान केलं की गाव सुटतं, चार्ल्स सुटतो, ती शिक्षा देणारे आईवडील सुटतात. कागदावरच्या माणसाला औषध लागत नाही. खऱ्या माणसाला लागतं. आपल्या ओळखीत कोणी महिनोन्महिने दार लावून बसलं असेल, तर त्याचं कथेतलं पात्र करू नये. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे, आणि मराठीतून बोलता येतं.

मग पायरीवरचं ते जेवण कशाचं?

आगीच्या रात्री ज्युलियनकाका वारतात. वरचा मजला जळून जातो. दोघी बहिणी खालच्या स्वयंपाकघरात राहू लागतात, खिडक्यांना फळ्या ठोकतात. मग संध्याकाळी अंधार पडल्यावर पायरीवर जेवण येऊ लागतं. कोंबडी, पाव, केक, आणि सोबत चिठ्ठ्या: ताट फुटलं त्याबद्दल, खुर्ची मोडली त्याबद्दल.

पश्चात्ताप आहे का? वाचनालयात यावर दोन तट पडले. काहींना वाटलं, गाव सुधारलं. मला तसं वाटत नाही. दिवसा तेच लोक त्या घरासमोर आपल्या पोरांना दटावतात, तिथे जाऊ नको, त्या बायका पोरं धरतात. रात्री ठेवलेल्या त्या ताटात माफी असेलही, पण भीती जास्त आहे. आपण वेशीवरच्या देवतेला निवद ठेवतो तो काही तिच्याशी ओळख आहे म्हणून नव्हे. काहीजण दार वाजवून जातात, जुन्या ओळखीचे, कळवळ्याने. पण फार उशीर झालेला असतो, आतून कोणी उत्तर देत नाही. आमच्या काकांना भेव लागलं ते यामुळे असावं. भुताच्या गोष्टीत भूत आधीपासून असतं. इथे एक अख्खं गाव आणि एक कुटुंब मिळून दोन जिवंत बायांचं भूत करतात, आणि ते घडताना आपण पाहतो.

मेरीकॅट म्हणते, आम्ही खूप सुखात आहोत. तिच्यापुरतं ते खरं आहे. तिला जे हवं होतं ते सगळं मिळालं. कॉन्स्टन्सचं काय, हे मात्र तिला विचारून उपयोग नाही. त्यासाठी पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना फक्त थोरलीची वाक्यं वेचत जावी. बहुतेक वाक्यं जेवणाची आहेत: काय शिजवू, काय वाढू, काय पुरेल. एकच वेळ अशी येते की ती वेगळं बोलते. चार्ल्स घरात असतानाची ती वेळ. आपण इथे लपून बसलो ही चूक झाली, काकांना दवाखान्यात ठेवायला हवं होतं, मेरीकॅटने चारचौघींसारखं राहायला हवं होतं, असं ती म्हणते आणि स्वतःला दोष देते. धाकटी ते ऐकते, आणि त्यानंतर थोड्याच पानांनी तो पाईप टोपलीत पडतो.